पाटीवर बॉग, प्रत्यक्षात फेन: ओहायोतल्या 'सीडर बॉग'चं परीक्षण

ठिकाणाचं नाव 'सीडर बॉग'. यातला 'बॉग' चुकीचा आहे आणि 'सीडर'सुद्धा. तरीही अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत झऱ्यांवर पोसलेली पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल बघायची असेल, तर इतकी अस्सल आणि इतकी सहज गाठता येणारी जागा शोधून सापडणार नाही. ओहायो राज्यात शॅम्पेन काउंटीत अर्बाना गाव आहे. त्याच्या दक्षिणेला, यूएस ६८ हमरस्त्याच्या पश्चिम अंगाला, वुडबर्न रोडवर ही जागा येते. कोलंबस आणि डेटन दोन्हीकडून साधारण तासाभराचा रस्ता. कोलंबसहून आय-७० महामार्गाने स्प्रिंगफील्डपर्यंत यायचं आणि तिथून यूएस ६८ धरून उत्तरेला वळायचं.

परीक्षणाचा निकाल आधीच सांगून टाकतो. इथलं पाणी कुठून येतं आणि काय करतं हे ठाऊक असेल, तर सुमारे मैलभराची ही लाकडी फळ्यांची वाट तीन तास पुरते. ठाऊक नसेल तर पंचवीस मिनिटांत 'झालं बघून' म्हणत तुम्ही गाडीत येऊन बसाल. इंटरनेटवर या जागेला मिळालेल्या एक आणि दोन ताऱ्यांची भानगड बहुतेक वेळा हीच असते. धबधबा नाही, तळं नाही, उंचावरून दिसणारा देखावा नाही. आहे ते सगळं पायाखाली आणि गुडघ्याच्या उंचीवर.

आधी नावाचा घोळ निस्तरू. बॉग म्हणजे फक्त पावसाच्या पाण्यावर जगणारी दलदल. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे ते आंबट होत जातं आणि त्यात स्फॅग्नम शेवाळाचे गालिचे माजतात. फेनचं पाणी जमिनीतून वर येतं, झुळझुळत पसरतं आणि ओढ्याला मिळून निघून जातं. ते चुनखडीतून आलेलं असल्यामुळे आम्लधर्मी नसून अल्कधर्मी असतं. तिकडचे निसर्गअभ्यासक एका यमकात हा फरक सांगतात, त्याचा मथितार्थ असा: बॉग तुंबतो, फेन धुवून निघतो. सीडर बॉग हा सोळा आणे फेन आहे. नाव जुन्या काळी पडलं, ते कागदोपत्री चिकटलं आणि आता कोणी बदलत नाही. आपल्याकडे डबक्याला 'सागर' म्हणतात, तसंच.

'सीडर'चंही तेच. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार. इथं वाढतो तो थुजा ऑक्सिडेंटॅलिस, तिकडच्या बोलीत 'नॉर्दर्न व्हाइट सीडर'. मराठी घरांत हे नाव परकं नाही. चामखिळीवर होमिओपॅथीवाले ज्या 'थुजा'च्या गोळ्या देतात, त्या याच झाडापासून केलेल्या असतात. (गुण येतो का, हा वाद इथं नको.) सोसायटीच्या बागेतली मोरपंखी ही त्याची आशियाई चुलत बहीण. चपटी, खवल्यांची, पंख्यासारखी पानं बघितली की नातं लगेच पटतं.

आता पाण्याकडे. शेवटच्या हिमयुगात या भागावरून बर्फाच्या दोन मोठ्या जिभा दक्षिणेला सरकत आल्या, एक मियामी खोऱ्याच्या बाजूने आणि एक सायोटो खोऱ्याच्या बाजूने. दोन्हींच्या सांध्यावर आज मॅड नदीचं खोरं आहे. बर्फ वितळत मागे हटला तेव्हा त्याने पोटातला वाळू-गोट्यांचा प्रचंड माल इथं टाकून दिला. हे गोटे प्रामुख्याने चुनखडीचे. पावसाचं आणि बर्फाचं पाणी आजूबाजूच्या उंचवट्यांवर मुरतं, या खडीतून सावकाश खाली सरकतं आणि खोऱ्याच्या तळाशी, पातळी मिळेल तिथं, उमाळ्यांनी वर येतं. सह्याद्रीत कातळाच्या दोन थरांमधून पाझर फुटतो त्याचाच हा भाऊ. फक्त इथं कातळाच्या जागी खडीचा ढीग आहे आणि पाणी एका भेगेतून न येता मोठ्या क्षेत्रातून सगळीकडून पाझरतं.

खोलीवरून आलेल्या या पाण्याचं तापमान बाराही महिने जवळजवळ एकच असतं, सुमारे ५४ अंश फॅरनहाइट, म्हणजे १२ अंश सेल्सियस. बाकीचं सगळं या एका आकड्यातून निघतं. जुलैत बाहेर ३२ सेल्सियस असताना मुळांशी १२ ते १५ असतं. जानेवारीत बाहेर उणे १० असताना उमाळ्यांजवळचं पाणी गोठत नाही, त्यावर वाफ दिसते. हिमनदी मागे गेली तेव्हा तिच्यामागोमाग उत्तरेकडची झाडंझुडपंही कॅनडाच्या दिशेने सरकली. इथं मात्र पाणी थंड राहिलं, म्हणून त्यांतली काही मागेच थांबली. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध कॅनडाचा एक तुकडा उरला, तो या पाण्यापायी.

स्वस्तातली एक युक्ती: कोविडच्या काळात घेतलेली इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घरात पडली असेल तर ती बरोबर घ्या. (कपाळ मोजणाऱ्या काही बंदुका ३२ सेल्सियसखाली 'लो' एवढंच दाखवतात, 'सरफेस' असा पर्याय असलेली हवी.) पाण्यात हात घालायचा नाही, वाटेवरून उतरायचं नाही, नुसता नेम धरायचा. ओढ्याजवळ आकडा १३-१४ दाखवेल. उघड्या कुरणातल्या उथळ पाण्यावर तोच वीस-पंचवीसच्या पुढे जाईल. पाणी उमाळ्यापासून किती लांब चालून आलंय, किती ऊन खाल्लंय, हे त्या आकड्यावरून कळतं. मुलांना दीड तास गुंतवून ठेवायला याहून चांगला खेळ नाही. उन्हात चमकणाऱ्या पाण्यावर बंदूक तिरपी धरली तर आकडा फसवा येतो. शक्य तितकी सरळ खाली धरा.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे त्यातला चुना. जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्याच्या जोरावर ते चुनखडी खात येतं. उघड्यावर आलं की वायू उडून जातो, आणि विरघळलेला चुना धरून ठेवायची पाण्याची ताकद संपते. मग तो पांढरट-करड्या गाळाच्या रूपात खाली बसतो. या गाळाला मार्ल म्हणतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो हाच पदार्थ. तिथं वायू उष्णतेने हाकलला जातो, इथं मोकळ्या हवेने आणि पाणवनस्पतींनी.

यातून निघणारी गंमत इथलं सर्वांत नवलाचं दृश्य घडवते. चुना बसताना पाण्यातला फॉस्फरसही बरोबर घेऊन बसतो. म्हणजे पाणी भरपूर, ऊन भरपूर, पण झाडाच्या तोंडी पडणारं खत जवळपास शून्य. अशा कुपोषित जमिनीत उंच, खादाड वनस्पती टिकत नाहीत. टिकतात त्या बुटक्या, काटक, आणि खतासाठी किडे खाणाऱ्या. मार्लच्या कुरणात दवबिंदू सापडते, गोल पानांची जात, ड्रोसेरा रोटुंडिफोलिया. कास पठारावर सप्टेंबरात जी दवबिंदू बघायला आपण रांगा लावतो, तिच्याच कुळातली. कासला जांभ्यावरच्या बोटभर मातीतून पाऊस सगळं अन्न धुवून नेतो. इथं अन्न चुन्यात कुलूपबंद होतं. दोन टोकांची रसायनं, पण भूक एकच, म्हणून शिकारीचा मार्गही एकच. कासवर दवबिंदू पाहिली असेल त्यांनी इथं मापाची अपेक्षा बदलावी: पान करंगळीच्या नखाएवढं, लालसर, आणि बहुधा शेवाळाच्या उंचवट्यावर. फळीवर बसकण मारून, ऊन समोरून येईल असं बघितलं तर चिकट थेंब चमकतात. उभ्याने दिसणार नाही, हे नक्की.

पीट म्हणजे नेमकं काय, याचाही खुलासा हवा. बागकाम करणाऱ्यांना कोकोपीट ठाऊक असतं. ते नारळाच्या काथ्याचा भुसा आहे आणि खऱ्या पीटला पर्याय म्हणून बाजारात आलं. खरं पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पती. सतत पाण्याखाली राहिल्याने प्राणवायू मिळत नाही, कुजणं अर्ध्यावर थांबतं आणि थरावर थर साचत जातात. ढोबळमानाने वर्षाला एक मिलिमीटर, यापेक्षा फार वेग नसतो. या हिशेबाने वाटेवरून घसरून पाय गुडघ्यापर्यंत रुतला, तर तुम्ही शिवकालापेक्षा खाली गेलात. जमीन स्पंजासारखी असते, शेजारी कोणी उडी मारली तर हलते, आणि पायाचा ठसा वर्षानुवर्षं बुजत नाही. 'वाटेवरून उतरू नका' ही सूचना इथं फोटोपुरती पाळायची गोष्ट नाही. पीट एकदा दाबलं गेलं की त्यातून पाणी वाहण्याची वाट बदलते, आणि पाणी बदललं की वरचं सगळं बदलतं.

वाट आधी दलदलीच्या रानातून जाते. इथं थुजाची झाडं लक्षपूर्वक बघा. मुळं उथळ, जमीन मऊ, त्यामुळे झाड वयात आलं की कलतं, कधी आडवंच होतं. पण मरत नाही. आडव्या खोडावरच्या फांद्या वळून सरळ वर जातात आणि काही वर्षांनी एका रांगेत चार-पाच झाडं उभी दिसतात. ती वेगवेगळी झाडं नसून एकाच आडव्या झाडाच्या फांद्या असतात. रानातून बाहेर पडलं की एकदम उजेड येतो आणि मार्लचं कुरण समोर उघडतं. हा बदल काही पावलांत होतो आणि तो सावकाश घ्यायचा असतो. बहुतेक लोक इथंच वेग वाढवतात, कारण 'गवत तर आहे'. ते गवत नाही, सेज आहे, गवतासारखी दिसणारी वेगळ्या कुळातली वनस्पती. देठ बोटांत फिरवून पाहिलं तर तीन धारा लागतात. हे करून पाहायला वाटेवर वाकलेलं देठ पुरतं, तोडायची गरज नाही.

कधी जायचं, हा खरा प्रश्न, कारण चुकीच्या आठवड्यात गेलेल्याला अर्धाच माल मिळतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कंक कॅबेज फुलते. बर्फातून वर आलेली जांभळट-तपकिरी, टोपीसारखी फुलं. हे झाड स्वतः उष्णता निर्माण करतं आणि भोवतीचा बर्फ वितळवतं. कुळ आपल्या अळू-सुरणाचं. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात-ठाण्यात मिळणारी शेवळं ज्यांनी निवडलीत, त्यांना आकार बघताक्षणी ओळखीचा वाटेल. खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक यातही आहेत, आणि इथं काकडं घालून भाजी करण्याचा विचारही मनात आणू नका. वास नावाप्रमाणेच, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा. माश्यांना तो आवडतो आणि फुलाला तेवढंच हवं असतं.

एप्रिल हा ठिपकेवाल्या कासवांचा महिना. काळी पाठ, त्यावर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे पिवळे ठिपके, लांबी तळहाताहून थोडी जास्त. यांना थंड पाणी मानवतं, वसंतात ती सर्वाधिक हिंडतात आणि उन्हाळा तापला की दडी मारतात. म्हणून जुलैत येऊन 'कासव दिसलं नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. सकाळी नऊ ते अकरा, निरभ्र दिवस, रात्री गारठा पडून गेलेला: ओंडक्यावर ऊन खायला बसलेली दिसण्याची हीच वेळ. फळीवर पावलांचा आवाज झाला की पाण्यात टुपकन जातात, तेव्हा चार जणांत एकानेच पुढे चालावं. याच दिवसांत मार्श मॅरिगोल्डच्या पिवळ्या फुलांनी ओहोळांचे काठ भरतात.

मे अखेर ते जूनचा मध्य हा या जागेचा सर्वांत गर्दीचा काळ, आणि कारण एकच: शोई लेडीज स्लिपर हे ऑर्किड. गुलाबी पोटाची पांढरी मोजडी. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला पंधरा वर्षंही लागू शकतात, म्हणून उपटून नेणाऱ्याचा संताप यावा. नेलेलं जगतही नाही, कारण रुजण्यासाठी मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ लागते आणि मुळांना हा गारवा लागतो. पानादेठांवरच्या लवेने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं. बोट लावू नका. शनिवार-रविवारी वाटेवर तिपाई लावून बसलेल्या छायाचित्रकारांमुळे कोंडी होते. जमल्यास मधल्या वारी जा. यानंतर लागलीच ग्रास पिंक नावाचं छोटं गडद गुलाबी ऑर्किड कुरणात येतं. जूनमध्येच उघड्या कुरणावर एल्फिन स्किमर शोधा, उत्तर अमेरिकेतला सर्वांत छोटा चतुर. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. मादी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशी वाटावी अशी. बरेच लोक तिला पाहूनही पाहिलं नाही असं समजतात.

जुलैत क्वीन ऑफ द प्रेअरीचे गुलाबी तुरे. ऑगस्ट ठीकठाक. मग सप्टेंबर-ऑक्टोबर, आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत चांगला काळ: झालरदार जेन्शियनची निळी फुलं आणि ग्रास ऑफ पार्नाससची हिरव्या शिरांची पांढरी फुलं. जेन्शियन ढगाळ दिवशी मिटून बसते. त्यामुळे उन्हाचा अंदाज बघून, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान जायचं. गर्दी नाही, डास नाहीत, हवा छान.

डासांविषयी लोक आधीच धास्तावून विचारतात. प्रत्यक्षात थंड, वाहत्या पाण्यात डासांची अळी फारशी वाढत नाही. त्रास होतो तो रानातल्या साचलेल्या खळग्यांपाशी. खरी डोकेदुखी जून-जुलैतल्या डियर फ्लायची. आपल्या गोमाशीचीच ही लहान बहीण. गडद आणि हलणाऱ्या वस्तूकडे येते, डोक्याभोवती घिरट्या घालते आणि चावा घेते. फिकट रंगाची टोपी घाला. गोचिडीसाठी पँट मोज्यांत खोचा, परतल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे तपासा. मुलांचं तपासणं आंघोळीच्या वेळी विसरू नका.

आणि आता पॉयझन सुमॅक. या जागेच्या परीक्षणांत याला एक ओळ मिळते, मिळायला हवा परिच्छेद. हे झुडूप-झाड फेनच्या ओलाव्यातच वाढतं, वाटेच्या हाताशी येऊ शकतं आणि शरदात इतकं सुंदर लाल होतं की मुलं पान तोडायला जातात. बिब्बा उततो म्हणजे काय हे गावाकडे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको: सुमॅक आणि बिब्बा एकाच कुळातले, काजू आणि आंबाही त्यातलेच. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ उततात त्यांनी इथं जास्त सांभाळावं, कारण दोन्हीतली द्रव्यं एकमेकांशी मिळतीजुळती आहेत. ओळख अशी: एका दांडीवर ७ ते १३ पर्णिका, कडा गुळगुळीत, मधली दांडी लालसर, आणि फळं फिकट, लोंबते घोस. त्याचा निरुपद्रवी नातलग स्टॅगहॉर्न सुमॅक रस्त्याकडेला दिसतो. त्याच्या पानांना करवती कडा आणि फळांचे लाल, उभे तुरे असतात. स्पर्श झालाच तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत साबण आणि गार पाण्याने धुवा. तेल कपड्यावर, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर, काठीवर टिकून राहतं आणि पुढच्या आठवड्यातही उतू शकतं, तेव्हा त्याही वस्तू धुवा. पुरळ लगेच येत नाही. एक-दोन दिवसांनी येतं, म्हणून लोक भलत्याच गोष्टीला दोष देतात.

सापाबद्दल घाबरण्यापेक्षा कुतूहल ठेवावं असं इथलं प्रकरण आहे. ईस्टर्न मॅसासॉगा हा छोटा खुळखुळ्या साप, दोन-अडीच फुटांचा, जाड, करड्या अंगावर गडद ठिपके. विषारी आहे, पण लाजाळू, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं. खुळखुळा इतका बारीक वाजतो की किड्याचा आवाज वाटतो. दिसण्याची शक्यता फार कमी. त्यापेक्षा त्याचं घर शोधा: ओल्या मातीत चिखलाच्या गोळ्यांनी रचलेली छोटी धुराडी दिसतात, ती क्रेफिशची बिळं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडीचा छोटा अवतार. त्याच्या बिळात उतरून हा साप हिवाळा काढतो, भूजलाच्या पातळीशी. पाणी गोठत नाही म्हणून साप वाचतो. पुन्हा तेच ५४ अंश.

व्यवस्थापनाबद्दल. ही जागा १९४२ मध्ये राज्याच्या पैशातून विकत घेतली गेली. निसर्गरक्षणासाठी ओहायो राज्याने केलेली ती पहिली खरेदी मानली जाते. घेणारी संस्था तेव्हाची ओहायो हिस्टॉरिकल सोसायटी, आताची ओहायो हिस्टरी कनेक्शन; रोजचा कारभार सीडर बॉग असोसिएशन बघते. १९६७ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९७०च्या दशकात यूएस ६८ रुंद करून जवळून नेण्याचा घाट घातला गेला, तो लोकांनी लढून थांबवला. लढ्याचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे: रस्ता दलदलीवरून जाणार की नाही एवढाच प्रश्न नव्हता, उंचवटा खणला तर खडीतून येणारं पाणी वाटेतच अडेल, ही भीती होती. आजही धोका त्याच जातीचा आहे. कुंपणाच्या आत ४०० एकरांहून अधिक जमीन सुरक्षित आहे, पण पाणी मुरतं ते कुंपणाबाहेर, लोकांच्या शेतांत. तिथं उपसा वाढला की पातळी उतरते, तिथं नत्रखत जास्त पडलं की उमाळ्यातून नायट्रेट येतं आणि कुपोषणावर जगणाऱ्या वनस्पतींना उंच पाणकणसं गाडून टाकतात.

म्हणूनच कुरणाच्या कडेला तोडलेली झुडपं आणि बुंधे दिसले तर 'अभयारण्यात झाडं तोडतात' असा शेरा मारू नका. पाणी थोडं जरी उतरलं तरी झुडपं कुरणात शिरतात, सावली पडते, आणि सावलीत दवबिंदू, जेन्शियन, एल्फिन स्किमर यांतलं काहीच राहत नाही. कुरण उघडं ठेवायला हात चालवावाच लागतो.

त्रुटी सांगायच्या तर आहेत. वाटेवरच्या माहितीवर भिस्त ठेवून आलात तर पाण्याची गोष्ट हातातून निसटते. ती खरी कळते स्वयंसेवक मार्गदर्शकाबरोबर चालल्यावर, तेव्हा मार्गदर्शित फेरी कोणत्या दिवशी आहे ते बघूनच तारीख ठरवा. उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या निघण्याच्या दिवशी सकाळी तपासा. पावसानंतर आणि दव असताना फळ्या निसरड्या होतात. चपला-सँडल घालून आजी-आजोबांना आणू नका, रबरी तळाचे बूटच हवेत. वाट सपाट असल्याने चढ-उताराचा त्रास मात्र अजिबात नाही. खाण्याचं काही मिळत नाही, डबा अर्बानात किंवा गाडीत. कुत्रा घरी ठेवा. छायाचित्रणाला ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि पाण्यावरची चमक मारणारा पोलरायझर पुरतो. मोठी तिपाई अडचण करते, छोटी बीनबॅग उत्तम. ड्रोन नको.

एवढ्या लांबून आलात तर अर्बानाच्या उत्तरेला वेस्ट लिबर्टीजवळच्या ओहायो कॅव्हर्न्स त्याच दिवशी जोडा. सकाळी फेन, दुपारी गुहा, हा क्रम ठेवा. दलदलीत मार्ल बसवणारी प्रक्रियाच गुहेत छतावरून थेंबाथेंबाने चालते आणि पांढरेशुभ्र लवणस्तंभ घडवते. 'क्रिस्टल किंग' नावाचा तिथला झुंबरासारखा लवणस्तंभ जवळपास पाच फुटांचा आहे. जुलैतही तिथं स्वेटर लागतो. आतलं तापमान वर्षभर ५४ फॅरनहाइट असतं.